रिमांड बघायला नेलेला वर्ग

"आज त्याच्यासाठी कोणी उभं राहायचं नाही, ठरलंय. चल, एक कॉफी बाय-टू घेऊ, अर्धी-अर्धी."

काळा कोट हातावर टाकलेला एक वकील दुसऱ्याला कन्नडमध्ये हे सांगत माझ्या अगदी जवळून गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. सोसायटीच्या मीटिंगला कोण येणार नाही हे सांगावं इतक्या साध्या आवाजात तो बोलला आणि दोघं कोर्टाच्या आवारातल्या कँटीनकडे वळले.

मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होते. माझ्याभोवती माझा वर्ग होता, पांढरे शर्ट आणि काळ्या पँटी घातलेली लॉ कॉलेजची दुसऱ्या वर्षाची मुलं. होसकोट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात मी संविधान शिकवते. त्या महिन्यात आरोपीचे हक्क शिकवत होते. हा भाग पुस्तकातून शिकवला की मुलं झोपतात, म्हणून आमच्याकडे पद्धत अशी आहे की धडा संपला की वर्ग एखाद्या मॅजिस्ट्रेट कोर्टात न्यायचा आणि रिमांड दाखवायचा. पोलिसांनी पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. त्याला पुन्हा पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, तुरुंगात पाठवायचं की सोडायचं, हे तिथे ठरतं. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आटपतं. मोबाईलचोर, दारू पिऊन मारामारी केलेले, असे लोक येतात. मुलं मागच्या बाकांवर बसून बघतात आणि नंतर रिपोर्ट लिहितात.

त्या दिवशी कोण येणार आहे हे आम्हाला बसमधून उतरल्यावर कळलं. कोर्ट कुठलं ते मी लिहीत नाही. शहराच्या कडेला, गोडाऊनच्या रांगा संपतात तिथे ते आहे. गेटवर गर्दी होती. आदल्या दिवशी त्या भागातली एक सहा वर्षांची मुलगी दुपारभर नाहीशी झाली होती. संध्याकाळी ती एका गोडाऊनच्या मागे बसलेली सापडली. अंगावर जखम नव्हती, पण ती कोणाशी बोलत नव्हती. केबलसाठी रस्ता खणणाऱ्या एका मजुराला तिला बिस्किट देताना पाहिलं, असं एका दुकानदाराने सांगितलं, आणि लोकांनी त्या मजुराला धरून पोलिसांच्या हवाली केलं. रात्रभर सगळ्यांच्या फोनवर त्याचा फोटो फिरत होता. माझ्याही फोनवर आला होता. मी तो उघडला नव्हता.

गेटवरच्या गर्दीतला एकजण आत जाणाऱ्या प्रत्येकाचा व्हिडिओ घेत होता. आमचाही घेतला. मी ओढणी नीट करण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

विभागप्रमुखांना फोन केला. परत येऊ का, असं विचारलं. ते म्हणाले, "आता गेलाच आहात तर बसा, मॅडम. मुलांना मागे बसवा. कोणी प्रश्न विचारायचा नाही. आपण फक्त बघायला जातो." माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी "यस सर" म्हटलं.

वर्गातल्या एका मुलीचं घर त्याच भागात होतं. उंच, बोलायला धीट, पहिल्या बाकावर बसणारी. तिची धाकटी बहीण त्या सहा वर्षांच्या मुलीच्याच शाळेत होती. आता ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅम, एक विचारू? ह्याला पण सगळे हक्क?"

"सगळ्यांना असतात."

"वर्गात तुम्ही हेच म्हणालात. तेव्हा आम्ही बिर्याणी चोरणाऱ्या चोराचं नाटक करत होतो."

मागून एक मुलगा म्हणाला, "आणि चोर मी होतो. मला हक्क मिळाले, बिर्याणी नाही मिळाली." नेहमी असं काही बोललं की सगळे हसायचे. त्या दिवशी एकटाच हसला आणि थांबला.

"तुमची बहीण असती तर, मॅम?" ती मुलगी म्हणाली.

मला बहीण नाही. तेवढंच उत्तर मला सुचलं आणि मी ते दिलं नाही. मी म्हटलं, "आत जाऊन बसू." तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या तासाला वर्गात जायची मला तेव्हाच भीती वाटली.

आत जायच्या आधी त्याला आणलं.

जीपमधून उतरवून दोन पोलीस त्याला व्हरांड्यातून घेऊन आले. बेड्या नव्हत्या. दोघांनी दोन बाजूंनी त्याचे हात बोटांत बोटं अडकवून धरले होते, जत्रेत लहान मुलाचा धरतात तसे. डोक्यावर माकडटोपी होती, नाकापर्यंत ओढलेली. पन्नाशीचा असावा. पायात चपला नव्हत्या आणि पायांवर लाल माती वाळलेली होती. गेटकडून आरडाओरडा आला तसा पोलिसांनी त्याला घाईने भिंतीकडे ढकललं, आणि तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. घामाचा आणि ओल्या मातीचा वास आला.

तो पुटपुटत होता. कोणाला उद्देशून नाही, खाली बघून.

"हात धरला व्हता मी. नाही म्हनत नाही. हात धरला व्हता."

मला ते कळायला एक क्षण लागला. कारण ती भाषा तिथे ऐकू येईल असं माझ्या मनातच नव्हतं.

आमच्या घरात मराठी बोलतात. आमचं घराणं इथे कधी आलं ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. शहाजीराजांच्या सैन्याबरोबर आलो असं काका म्हणतात आणि बाकीचे ऐकून घेतात. आमच्या मराठीत निम्मी कन्नड आहे. आई अजून "स्वल्प थांब ग" म्हणते, वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. मी शिकले इंग्रजी शाळेत. मराठी वाचायला कॉलेजात गेल्यावर, अण्णांच्या मागे लागून शिकले. घराबाहेर मात्र मी ती कधी बोलत नाही. शाळेत असताना एकदा बसमध्ये आईशी मोठ्याने बोलले तर पुढच्या सीटवरचा माणूस वळून म्हणाला होता, तुमच्या गावाला जाऊन बोला. आमचं गाव हेच होतं. अण्णांनी तेव्हा घरी एवढंच सांगितलं, "बाहेर कन्नड बोलायचं. कोणी काही म्हणत नाही मग." मी ते पाळलं. कॉलेजात मला कोणी विचारलं की घरी काय बोलता, तर मी विषय बदलते.

"हात धरला व्हता मी," तो पुन्हा म्हणाला.

त्याच्या डावीकडच्या पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझ्या चेहऱ्यावरून कळलं की काय. "काय बडबडतोय कोण जाणे," तो कन्नडमध्ये दुसऱ्याला म्हणाला. "रात्रभर हेच चाललंय. सेम टेप." दुसरा जांभई देत होता.

म्हणजे त्यांना कळलं नव्हतं. त्या सगळ्या आवारात तो काय म्हणतोय हे बहुधा मला एकटीलाच कळत होतं. बिस्किटाचं सगळ्यांना माहीत होतं. हाताचं कोणालाच नव्हतं. मला तेव्हा तो निर्दोष वाटला असं लिहायला मला आवडलं असतं. मला तसं काही वाटलं नाही. त्याने मुलीचा हात का धरला होता? रस्ता ओलांडून द्यायला? की आणखी कशाला? मला ते समजून घ्यायचं नव्हतं. मी मुलांना हाताने खूण केली आणि आत जाऊन सगळ्यात मागच्या बाकावर, खांबाच्या आड बसले.

कोर्ट हॉल लहान होता. पंखे आवाज करत होते. वकिलांच्या बाकांवर बरेच वकील बसले होते, इतर दिवशी एवढे दिसत नाहीत. कोणाकडेच उघडलेली फाईल नव्हती. त्याच्यासाठी उभं राहायचं नाही हे ठरल्याप्रमाणे सगळे हाताची घडी घालून बसले होते. गरिबांसाठी सरकारकडून जे वकील नेमलेले असतात त्यांच्यातलेही कोणी दिसत नव्हते. मॅजिस्ट्रेट मध्यम वयाचे होते, त्यांना सर्दी झाली होती आणि ते सारखे रुमाल नाकाला लावत होते. आधीची दोन प्रकरणं झाली. मग क्लार्कने क्राइम नंबर पुकारला आणि त्याला आणून उभं केलं. टोपी काढायला लावली. टोपीखाली अगदी साधा चेहरा होता, एका डोळ्याखाली सुजलेला.

इन्स्पेक्टरने अर्ज दिला. पोलीस कोठडी हवी होती, तपास करायचा होता.

मॅजिस्ट्रेटनी कन्नडमध्ये विचारलं, तुला कशासाठी धरलंय ते माहीत आहे का.

"सरी," तो म्हणाला.

सरी म्हणजे ठीक आहे, बरं. बाहेरून येणारा माणूस इथे सगळ्यात आधी हाच शब्द उचलतो. दुकानात, रिक्षात, मुकादमासमोर, सगळीकडे तो चालतो.

"वकील आहे?"

"सरी, साहेब."

वकिलांच्या बाकांवर कोणीतरी नाकातून हसलं.

मॅजिस्ट्रेटनी मान वर केली. "ह्याला कन्नड येते का?"

"हिंदी येते, सर," इन्स्पेक्टर म्हणाला. "अटकेची कारणं कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने हिंदीत समजावून सांगितली आहेत. त्याने अंगठा दिलाय."

मॅजिस्ट्रेटनी हिंदीत गाव विचारलं. तो घाईघाईने बोलला, "लातूरकडचा हाय मी, साहेब. औशाच्या अलीकडं. पोराला फोन लावा म्हनलं, कुनी लावंना."

"हे हिंदी नाही," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "मराठी आहे का?" मग त्यांनी सगळ्या हॉलकडे पाहून विचारलं, "इथे कोणाला मराठी येते?"

पंखे फिरत होते. वकिलांपैकी एकाने मान वळवून मागे पाहिलं, मग पुढे. ह्या शहरात मराठी येणारे कितीतरी लोक आहेत. आयटीवाल्यांच्या कोरमंगला भागात कुठल्याही पीजी हॉस्टेलात पुण्या-मुंबईचं कोणीतरी असतंच. त्या हॉलमध्ये मी होते.

मी खांबाकडे सरकले. गप्प बसले तर कोणालाही कळणार नव्हतं. माझ्या वर्गालाही नाही. मला गेटवरचा तो व्हिडिओ घेणारा माणूस आठवला. उद्या तो लावेल, बघा, त्या नराधमाच्या बाजूने बोलणारी बाई, ह्यांची भाषा एक. खाली कॉलेजचं नाव येईल. घराचा पत्ता यायला किती वेळ लागतो? अण्णांना रोज सकाळी दूध आणायला खाली जायची सवय आहे.

आणि आणखी एक भीती होती. ती मला ह्या सगळ्यापेक्षा जास्त वाटत होती, कारण ती फक्त मला वाटू शकत होती. मी शिकवते, की पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, आणि कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण तो आता मॅजिस्ट्रेटपुढे उभा होता, आणि इथे बोललेलं नोंदलं जाऊ शकत होतं. दुभाषी म्हणून मी पुढे गेले आणि तो ते वाक्य बोलला, तर मला ते इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, सगळ्यांसमोर, जसंच्या तसं सांगावं लागणार होतं. दुभाष्याला गाळता येत नाही. रात्रभर तो हेच म्हणत होता आणि ते कोणालाही कळलं नव्हतं. न कळणं हेच त्या माणसाचं एकमेव संरक्षण होतं. ते मी माझ्या तोंडाने काढून घेणार होते. आणि त्याने खरंच काही केलं असेल तर? तर मग मी गप्प बसणं म्हणजे काय?

मॅजिस्ट्रेट थोडा वेळ थांबले. खरंच थांबले, हे मला सांगितलं पाहिजे. मग त्यांनी शिंक आवरली आणि पेन उचललं.

"सरी, हिंदीतच विचारू. पुलिस ने मारा?"

"सरी."

आता वकील मोठ्याने हसले. माझ्या वर्गातलंही कोणीतरी हसलं.

"सरकारी वकील चाहिए? या नहीं चाहिए?"

त्याने मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं, मग हसणाऱ्या लोकांकडे. लोक हसतायत म्हणजे काहीतरी बरं चाललंय असं त्याला वाटलं असावं. तोही थोडंसं हसला. "सरी साहेब. सरी."

"सरी म्हणतोय ना, सर. द्या कस्टडी," वकिलांमधून कोणीतरी म्हणालं. त्यावर आणखी हशा झाला. मॅजिस्ट्रेटनी "सायलेन्स" म्हटलं, पण मान खाली घालून. पेन कागदावर टेकलं होतं.

त्याचं ते हसू मला बघवलं नाही. मी कधी उठले ते मला माहीत नाही. बाकाचा कोपरा मांडीला लागला, तेव्हा कळलं की मी उभी आहे. शेजारची ती उंच मुलगी माझ्याकडे तोंड उघडं ठेवून बघत होती.

"सर, मला मराठी येते," मी इंग्रजीत म्हटलं.

ते कोणालाच ऐकू गेलं नाही. क्लार्कला दिसलं, की कोणीतरी उभं आहे. त्याने मॅजिस्ट्रेटना सांगितलं. मला पुन्हा म्हणावं लागलं.

सगळा हॉल मागे वळला. इतके चेहरे एकदम माझ्याकडे वळलेले मी कधी पाहिले नव्हते. वर्गातसुद्धा अर्धे चेहरे फोनकडे असतात.

"तुम्ही कोण?"

"मी शिकवते, सर. विद्यार्थ्यांना घेऊन आले आहे."

"पुढे या."

वकिलांच्या दोन बाकांमधून जावं लागलं. एकाने पाय आत घेतला नाही. मी त्याच्या बुटाला वळसा घालून गेले. कोणीतरी अगदी हळू, मला ऐकू येईल एवढंच म्हणालं, "हिचं कोण लागतो हा?" मी पुढे जाऊन कठड्याला धरलं.

मॅजिस्ट्रेटनी मला शपथ दिली, तो जे बोलेल त्याचं जसंच्या तसं भाषांतर करीन अशी. मी ती इंग्रजीत घेतली. मग ते सावकाश म्हणाले, "त्याला विचारा, अटक का केली हे त्याला कळेल असं कोणी सांगितलं आहे का. घरी कळवलं आहे का. आणि सांगा की वकील नसेल तर कोर्ट देईल, पैसे पडणार नाहीत."

"सर," इन्स्पेक्टर पुढे झाला, "बाई आहेतच तर हेही विचारू द्या, त्याने मुलीला कुठे नेलं होतं. तपासाला मदत होईल."

मॅजिस्ट्रेट त्याच्याकडे पाहत होते. ते हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. रुमाल नाकाशी होता. मी त्यांच्याकडे बघत राहिले, की हे आता काहीतरी म्हणतील. हॉलमधला प्रत्येक माणूस त्या एका प्रश्नासाठी पुढे वाकला होता. मागे माझा वर्गही वाकला असणार.

मी त्या माणसाकडे वळले. आमच्या घरात अनोळखी मोठ्या माणसाला काय म्हणतात ते मला आठवेना, कारण आमच्याकडे अनोळखी माणसं मराठी बोलत येतच नाहीत. "काका," मी म्हटलं.

त्याने झटकन मान वर केली. माझी मराठी त्याच्या मराठीसारखी अजिबात नव्हती, पण त्याचा चेहरा रडवेला झाला. त्याने दोन्ही हात कठड्यावर टाकले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तो एकदम, धरण सोडल्यासारखा बोलायला लागला.

"ताई, तुमी आपल्याकडच्या का? ताई, ह्यास्नी सांगा, सगळं सांगतो मी. पोरगी तिथं उभी व्हती. मी तिचा हा—"

"सांगा, सांगा, काय म्हणतोय?" इन्स्पेक्टर माझ्या खांद्याजवळ आला होता. क्लार्कने टाइप करायला बोटं ठेवली होती. तो माणूस थांबत नव्हता आणि पुढचा शब्द माझ्यासाठी होता, तो आला की मला तो सांगावाच लागणार होता. मॅजिस्ट्रेटनी आत्ताच मला जे तीन प्रश्न दिले होते त्यांत मुलगी नव्हती. मी दोन्ही हात वर केले, रस्त्यात धावत्या गाडीला थांबवतात तसे, आणि जेवढ्या मोठ्याने मी घरातसुद्धा कधी बोलले नव्हते तेवढ्या मोठ्याने मराठीत म्हटलं, "काका, थांबा. त्या मुलीबद्दल आत्ता एक शब्दही बोलू नका. आधी साहेबांना एवढंच सांगा, मला वकील पाहिजे."